दाढीचे यंत्र

प्रस्तावना

रोज हाताळल्या जाणाऱ्या वस्तूंविषयी आपण क्वचितच विचार करतो. कंगवा, नखे कापण्याचे यंत्र, दात घासण्याचा ब्रश या वस्तू हाताच्या इतक्या सरावाच्या झालेल्या असतात की त्या नीट पाहिल्या जात नाहीत. प्रस्तुत पाठात अशाच एका वस्तूची ओळख करून घ्यायची आहे. पाठ माहितीपर असला तरी त्याचा आरंभ एका घरात होतो आणि शेवटही त्याच घरात होतो. माहितीपर लेखनात शब्दांची योजना नेमकी असावी लागते. म्हणून वाचताना ‘स्वच्छ’ आणि ‘निर्जंतुक’ हे शब्द कोठे, कोणत्या अर्थाने आले आहेत याकडे विशेष लक्ष द्या.

मूळ पाठ

जबलपूर हे तलावांचे शहर. गोंडवनाची राणी दुर्गावती १५६४ साली मोगल सैन्याशी लढताना धारातीर्थी पडली. तिची आठवण या शहराने तलावांच्या नावांत जपून ठेवली आहे. राणीचा तो राणीताल, तिचे दिवाण आधारसिंह यांचा तो आधारताल आणि तिच्या दासीचा तो चेरीताल, असे तेथील लोक सांगतात. ‘चेरी’ म्हणजे दासी. आज मात्र चेरीताल म्हटले की पाणी नव्हे, दाट वस्ती डोळ्यांपुढे येते. नोकरीच्या निमित्ताने जबलपुरात येऊन कायमची तेथलीच झालेली मराठी कुटुंबे या शहरात अनेक आहेत. चेरीतालच्या एका गल्लीत असेच एक घर होते. घरात आजोबा, मुलगा, सून आणि नातू.

मोरीच्या वरच्या कोनाड्यात आजोबांचे दाढीचे सामान असे. एक लहान आरसा, साबणाची वाटी, ब्रश, तुरटीचा खडा आणि पितळेवर चकाकता मुलामा दिलेले दाढीचे यंत्र. हे यंत्र आजोबांच्या वडिलांचे. त्यांनी ते आजोबांना दिले आणि आजोबांनी आपल्या मुलाच्या हाती त्याच्या पहिल्या दाढीच्या दिवशी दिले होते. पुढे मुलाने स्वतःचे वेगळे यंत्र घेतले आणि हे पुन्हा कोनाड्यात आले. आता नातू बारावीची परीक्षा देऊन मोकळा झाला होता. ओठांवर मिसरूड फुटली होती. एका रविवारी सकाळी त्याने कोनाड्यातले यंत्र उचलले, तोच मागून आवाज आला,

“ठेव ते! हात लावू नकोस त्याला!”

आजोबा कधी आवाज चढवत नसत. नातू यंत्र ठेवून निमूटपणे बाहेर गेला. त्या दिवशी तो जेवायलाही उशिरा आला.

आजोबांच्या ओरडण्यामागे एक कागद होता. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेपूर्वी त्यांच्या रक्ताच्या नेहमीच्या तपासण्या झाल्या आणि त्यांत ‘बी’ प्रकारच्या काविळीचे, म्हणजे हिपॅटायटिस बीचे, विषाणू त्यांच्या रक्तात असल्याचे निष्पन्न झाले. त्यांना कसलाही त्रास होत नव्हता. हा संसर्ग कधी झाला हेही सांगता येत नव्हते. घरात त्यांनी ही गोष्ट फक्त मुलाला सांगितली. पण स्वतःचे ताट, पेला, पंचा हे सारे त्यांनी कोणाला न सांगता वेगळे केले. सुनेला वाटले, सासऱ्यांचे काही बिनसले आहे. नातवाला वाटले, आजोबांना आता आपण नको आहोत. घरातली वस्तू अशी वेगळी होऊ लागली की माणसेही दुरावतात.

यात आजोबांचे काय बरोबर होते आणि काय चुकत होते, हे समजून घेण्यासाठी आधी त्या यंत्राकडेच वळले पाहिजे.

पूर्वी दाढी ही घरी, स्वतःच्या हाताने करण्याची गोष्ट नव्हती. न्हावी धोकटी घेऊन दारी येई. धोकटीत वस्तरा, कात्री, नराणी, फणी, आरसा, पाण्याची वाटी आणि वस्तऱ्याला धार लावण्याचा निसणा असे. या व्यवसायाला मराठी संतपरंपरेतही मानाचे स्थान आहे. संत सेना महाराजांचा संबंध परंपरा जबलपूरपासून फार दूर नसलेल्या बांधवगडाशी जोडते. त्यांच्या अभंगांत धंद्यातला आरसा आणि चिमटा हीच विवेक-वैराग्याची रूपके होऊन येतात. वस्तरा चालवणे हे कौशल्याचे काम होते. उघड्या पात्याला आडोसा नसल्यामुळे नवख्याच्या हाती तो धोक्याचाच.

पात्याला आडोसा देण्याचे प्रयत्न युरोपात अठराव्या शतकापासून चालू होते. परंतु घरोघरी पोहोचेल असे यंत्र अमेरिकेतील किंग कॅम्प जिलेट यांनी आणले. पाते इतके पातळ आणि स्वस्त असावे की धार गेल्यावर ते टाकून द्यावे, ही त्यांची कल्पना. इतक्या पातळ पोलादाला टिकाऊ धार देणे अशक्य आहे, असे जाणकारांचे मत होते. विल्यम निकरसन या अभियंत्याने ती अडचण सोडवली. १९०३ साली, विक्रीच्या पहिल्या वर्षी, अवघी ५१ यंत्रे आणि १६८ पाती खपली. १९०४ साली जिलेट यांना एकस्व मिळाले. (जबलपुरातील तोफगाड्यांचा कारखाना स्थापन झाला तेही याच वर्षी. त्या कारखान्यामुळे आणि पुढे १९४२ मध्ये खमरिया येथे निघालेल्या दारूगोळ्याच्या कारखान्यामुळे शहरात कामगारांच्या वसाहती वाढल्या. भोंग्याच्या वेळेवर हजर होणाऱ्याला घरच्या घरी पाच मिनिटांत दाढी उरकणारे यंत्र सोयीचे वाटले असल्यास नवल नाही.) पहिल्या महायुद्धात अमेरिकेने आपल्या सैनिकांसाठी सुमारे ३५ लाख यंत्रे खरेदी केली. विषारी वायूपासून रक्षण करणारा मुखवटा चेहऱ्यावर घट्ट बसण्यासाठी दाढी काढणे आवश्यक झाले होते.

त्याच युद्धकाळात दाढीच्या सामानाने एक भयंकर धडाही दिला. बिज्जूच्या केसांचे ब्रश मिळेनासे झाल्यामुळे घोड्याच्या केसांचे ब्रश बाजारात आले. ते केस नीट निर्जंतुक केलेले नव्हते. नवा कोरा ब्रश वापरणाऱ्या सैनिकांच्या आणि नागरिकांच्या चेहऱ्यावर आणि मानेवर संसर्गजन्य काळपुळी, म्हणजेच अँथ्रॅक्स, दिसू लागली. ब्रिटन आणि अमेरिका मिळून अशा दोनशेहून अधिक रुग्णांची नोंद झाली. त्यांपैकी कित्येक दगावले. ब्रश डोळ्यांना अगदी स्वच्छ दिसत होते.

‘स्वच्छ’ आणि ‘निर्जंतुक’ या शब्दांतील अंतर येथे स्पष्ट होते. मळ, फेस, केस निघून गेले की वस्तू स्वच्छ होते. ते डोळ्यांना दिसते. रोग निर्माण करणारे बहुतेक जंतू मारले गेले की त्या क्रियेला जंतुनाशन म्हणतात. आणि चिवट बीजाणूंसह एकूण एक सूक्ष्मजीव नष्ट झाले तरच वस्तू शास्त्रीय अर्थाने निर्जंतुक ठरते. शेवटचे काम रुग्णालयातील दाबाखालच्या वाफेच्या यंत्रात होते, घरच्या मोरीत होत नाही. ‘निर्जंतुक’ हा शब्द बोलण्यात आपण फार सैलपणे वापरतो. जाहिराती तर त्याहूनही सैलपणे वापरतात.

घरात करायची पहिली गोष्ट स्वच्छतेची. दाढी झाली की यंत्र वाहत्या पाण्याखाली दोन्ही बाजूंनी धरावे. मूठ अर्धा फेरा सैल केली तर टोपी आणि दातेरी पट्टी यांच्यामध्ये अडकलेले केस आणि फेस पाण्याबरोबर वाहून जातात. पुष्कळ जण यंत्र मोरीच्या काठावर आपटतात. त्याने केस निघतात, पण पट्टी वाकण्याची शक्यता असते आणि ती वाकली की पाते त्वचेला असमान लागते. पाते पंच्याने पुसणे हेही वाईट. पात्याच्या कडेवर एक अतिशय पातळ, घसरडा लेप असतो. तो पुसण्याने जातो, आणि बोट कापते ते वेगळेच. पाणी झटकावे आणि यंत्र उभे करून कोरडे होऊ द्यावे. पावसाळ्यात मोरीतील हवा दिवस दिवस दमट राहते. तेव्हा ते मोरीबाहेर ठेवणे उत्तम.

पाते गंजते ते का? आजची पाती न गंजणाऱ्या पोलादाची म्हणून ओळखली जातात. साध्या पोलादाच्या पात्यांची जागा त्यांनी १९६० नंतरच्या दशकात घेतली. या पोलादात सुमारे १३ टक्के क्रोमियम असते आणि हवेच्या संपर्काने पृष्ठभागावर क्रोमियमच्या ऑक्साइडचा पातळ पडदा तयार होतो. हा पडदाच पोलादाचे रक्षण करतो. परंतु मिठातील क्लोराइड त्याला छिद्रे पाडते, आणि घामात मीठ असतेच. म्हणून ‘न गंजणारे’ याचा अर्थ ‘उशिरा गंजणारे’ एवढाच घ्यावा. ब्लीचिंग पावडरीच्या पाण्यात पाती बुडवून ठेवणाऱ्यांना दुसऱ्या दिवशी तांबूस डाग दिसतात, त्याचे कारणही हेच.

आठवड्यातून एकदा यंत्र पूर्ण उघडावे. पाते धारेकडून न धरता आखूड बाजूंनी धरून बाजूला ठेवावे. टोपी, पट्टी आणि मूठ कोमट पाण्यात भांडी घासण्याच्या साबणाचा थेंब टाकून घासावी. दात घासण्याचा जुना ब्रश यासाठी पुरतो. मळ सर्वांत जास्त साचतो तो मुठीच्या आट्यांत. कूपनलिकेचे पाणी कठीण असेल तर त्यातील कॅल्शियम साबणाशी संयोग पावून पांढरट, चिवट थर बनवते. तो घासून निघत नाही. पाण्यात थोडे व्हिनेगर मिसळून भाग काही मिनिटे त्यात ठेवले की सुटतो. रात्रभर मात्र ठेवू नये, मुलामा खराब होतो.

आता जंतुनाशन. ते स्वच्छतेनंतरच करावयाचे, आधी नाही. साबणाचा थर, केस आणि वाळलेले रक्त जंतूंना आडोसा देतात आणि औषध त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही. घरी सोयीचे पडते ते ७० टक्के अल्कोहोल. धुऊन कोरडे केलेले भाग एका काचेच्या पेल्यात त्यात दहा मिनिटे बुडवून ठेवावेत आणि नंतर हवेवर वाळू द्यावेत. शंभर टक्के अल्कोहोल अधिक प्रभावी असेल असे कोणालाही वाटेल. पण तसे नाही. जंतूच्या शरीरातील प्रथिने बिघडवण्यासाठी पाण्याचीही गरज असते, शिवाय शुद्ध अल्कोहोल काम होण्याआधीच उडून जाते. अल्कोहोल अतिशय ज्वालाग्राही असल्याने हे काम शेगडी, समई, उदबत्ती यांच्याजवळ करू नये. बीजाणूंवर अल्कोहोलचा इलाज चालत नाही, हेही लक्षात असावे.

हे रोज करावे काय? ज्याचे यंत्र तो एकटाच वापरतो, त्याला रोज त्याची गरज नाही. पाण्याने धुणे, कोरडे ठेवणे आणि पाते वेळेवर बदलणे यांनीच त्याचे बहुतेक काम भागते. चेहऱ्यावर पुळ्या आल्या असतील, केसांच्या मुळाशी पू झाला असेल, पाते लागून रक्त आले असेल तर जंतुनाशन जरूर करावे आणि पाते टाकून द्यावे. दर दहा माणसांत सुमारे तिघांच्या नाकात पू निर्माण करणारे स्टॅफिलोकोकस जंतू निरुपद्रवीपणे राहत असतात. चेहऱ्यावर ओरखडा उठला की त्यांना वाट मिळते. बोथट पाते ओरखडे अधिक काढते. पोलादापेक्षा केस पन्नासपट मऊ असूनही पात्याची धार जाते ती कशी, याचा उलगडा अमेरिकेतील एमआयटी या संस्थेतील संशोधकांनी २०२० मध्ये केला. धार नुसती झिजत नाही. केस विशिष्ट कोनात भिडला की तिचे सूक्ष्म टवके उडतात.

यंत्र अनेकांच्या चेहऱ्यावरून फिरू लागले की मात्र प्रश्नाचे स्वरूपच बदलते. दाढीच्या जागी होणाऱ्या गजकर्णाला इंग्रजीत ‘न्हाव्याची खाज’ अशा अर्थाचे नाव पडले आहे. हे नाव अन्यायाचे आहे. रोग एका गिऱ्हाइकाचा दुसऱ्याला जातो, बिचारा न्हावी केवळ मधला. पण तुरटीचा एकच ओला खडा दिवसभर प्रत्येकाच्या ओरखड्यांवरून फिरवण्याची रीत जेथे असेल तेथे ती बंदच व्हायला हवी. तुरटी रक्त थांबवते, म्हणजे ती रक्ताला लागतेच. वस्तऱ्यात अर्धे पाते मोडून बसवण्याची पद्धत आता सर्वत्र रूढ झाली आहे. ते पाते आपल्यासमोर नव्या पाकिटातून काढायला सांगण्यात गिऱ्हाइकाने संकोच करू नये.

रक्तातून पसरणाऱ्या विषाणूंत हिपॅटायटिस बीचा विषाणू विशेष चिवट आहे. शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तातही, तो किमान सात दिवस संसर्ग करण्याइतका जिवंत राहू शकतो. डोळ्यांना न दिसणारा रक्ताचा अंशही त्याला पुरतो. बारूक ब्लुमबर्ग यांनी या विषाणूचा माग १९६५ साली काढला. त्यांना १९७६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचा जन्मदिवस, २८ जुलै, हा जागतिक हिपॅटायटिस दिन म्हणून पाळला जातो, आणि २०१८ साली त्याच दिवशी भारतात तपासणी आणि उपचार मोफत देणारा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला.

चेरीतालच्या त्या घरातील मुलाने अखेर वडिलांना घेऊन डॉक्टरांची भेट घेतली. सोबत नातवालाही नेले. आजोबा संकोचून गेले होते. डॉक्टरांनी आधी त्यांना विचारले,

“आजोबा, घरात काय काय वेगळे केलेत?”

आजोबांनी ताट, पेला, पंचा अशी यादी सांगितली. “नातवाला जवळसुद्धा बसू देत नाही,” असेही ते म्हणाले.

“ताट, पेला पुन्हा सर्वांच्यात ठेवा. जेवणातून, एकत्र बसण्यातून, पाठीवरून हात फिरवण्यातून हा रोग पसरत नाही. वेगळ्या ठेवायच्या त्या रक्त लागू शकेल अशाच वस्तू. दाढीचे यंत्र, दातांचा ब्रश, नखे कापायचे यंत्र. यंत्राच्या बाबतीत तुम्ही ओरडलात ते योग्यच केलेत.”

नातू इतका वेळ खाली पाहत होता. तो म्हणाला, “आजोबा, हे मला आधी का नाही सांगितलंत? मला वाटलं...”

“तुला काय वाटलं ते कळलं रे मला,” आजोबा म्हणाले. “पण सांगायचं धैर्य झालं नाही.”

डॉक्टरांनी घरातील तिघांचीही रक्ततपासणी करायला सांगितली. तिघांच्याही रक्तात विषाणू नव्हता. लस प्रत्येकाला घ्यायची होती. पहिली मात्रा लगेच, दुसरी एका महिन्याने, तिसरी पहिलीपासून सहाव्या महिन्यात. आजोबांनी यकृताची तपासणी ठरावीक काळाने करत राहायची होती.

परत येताना आजोबांनी बाजारात थांबून नातवासाठी एक नवे यंत्र घेतले. दुसऱ्या दिवशी सकाळी मोरीवर दोघे उभे राहिले. आजोबांनी स्वतःचे यंत्र हाती धरले आणि नातवाने त्याचे. मूठ किती सैल करायची, पाते कोठे धरायचे, पाणी कसे झटकायचे हे आजोबा दाखवत होते. जुनी पाती टाकण्यासाठी त्यांनी पावडरीच्या रिकाम्या डब्याच्या झाकणाला एक चीर पाडली. कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकलेले पाते कचरा उचलणाऱ्याच्या बोटात शिरते, हे त्यांनी कारखान्यात पाहिले होते. अमेरिकेतील जुन्या घरांत पाती टाकण्यासाठी भिंतीतच फट ठेवलेली असे आणि ती भिंतीच्या पोकळीत वर्षानुवर्षे साचत, हे नातवाने कोठेसे वाचलेले सांगितल्यावर आजोबा पुष्कळ दिवसांनी मोठ्याने हसले.

“मग तुमचं यंत्र मला कधीच मिळणार नाही का?” नातवाने विचारले.

आजोबांनी हे डॉक्टरांना विचारून ठेवले होते. पाते काढून टाकायचे, यंत्र घासून स्वच्छ करायचे, मग पितळेचे तिन्ही भाग पाण्यात वीस मिनिटे उकळायचे. तेही तिसऱ्या मात्रेनंतर, रक्तात प्रतिकारशक्ती आली आहे हे तपासून. आणि एकदा दिले की ते एकट्या नातवाचे. आजोबा स्वतःसाठी दुसरे घेणार होते.

पहिली मात्रा जुलैत झाली होती. नातवाने भिंतीवरच्या कॅलेंडरची पाने उलटली. जानेवारीचे पान त्यात नव्हते. त्याने डिसेंबरच्या शेवटच्या चौकटीत बारीक अक्षरांत लिहिले, ‘पुढच्या महिन्यात तिसरी.’

शब्दार्थ

धोकटी – न्हाव्याची हत्यारे ठेवण्याची पिशवी. नराणी – नखे काढण्याचे हत्यार. निसणा – धार लावण्याचा दगड. एकस्व – शोधावरील शोधकर्त्याचा कायदेशीर हक्क. बीजाणू – प्रतिकूल स्थितीत टिकून राहणारे सूक्ष्मजीवाचे रूप. ज्वालाग्राही – चटकन पेट घेणारे. आटे – स्क्रूवरील वळणदार खाचा.

स्वाध्याय

१. आजोबांनी वेगळ्या केलेल्या वस्तूंपैकी कोणती वस्तू वेगळी ठेवणे आवश्यक होते आणि का, ते पाठाच्या आधारे लिहा.

२. ‘स्वच्छ’, ‘जंतुनाशन’ आणि ‘निर्जंतुक’ या शब्दांतील अर्थभेद तुमच्या घरातील एकेका उदाहरणाने स्पष्ट करा.

३. ७० टक्के अल्कोहोल शंभर टक्के अल्कोहोलपेक्षा अधिक उपयोगी का ठरते?

४. “पण सांगायचं धैर्य झालं नाही.” हे वाक्य कोणी, कोणाला, कोणत्या प्रसंगी म्हटले? आजोबांच्या जागी तुम्ही असता तर घरच्यांना ही गोष्ट कशी सांगितली असती, ते आठ-दहा ओळींत लिहा.

५. तुमच्या गावातील केशकर्तनालयात जाऊन हत्यारांची स्वच्छता कशी ठेवली जाते ते विचारा. तेथे वापरात असलेले हत्यारांचे शब्द टिपून घ्या आणि त्यांची पाठातील शब्दांशी तुलना करा.